ट्रिपशीटवरचे प्रवासी

थंडीचे पाच महिने बंद असलेला नळ उघडायची आमच्या घरमालकांची एक पद्धत होती. आधी नळासमोर गुडघ्यांवर बसायचं. मग पाइपला कान लावायचा. मग चावी अगदी पाव आटा फिरवून थांबायचं. आतून हवेचा खोकला ऐकू आला की ते म्हणत, "गुड मॉर्निंग." आणखी पाव आटा. तांबडं पाणी आलं की, "हां, थुंकून टाक सगळं." पाणी स्वच्छ झालं की उठून, गुडघे झटकून, पुढच्या नळाकडे. कॅम्पसाइटवर असे तेवीस नळ होते आणि सगळा मार्च महिना या जागवण्यात जाई. मी एकदा मदत म्हणून एक नळ सरळ पूर्ण उघडला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी झोपलेल्या पेशंटला न सांगताच सुई टोचली होती.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. आयर्लंडातल्या ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात सहा महिन्यांच्या करारावर मी जानेवारीत ज्युनिअर डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. सांगलीकडची एकटी मुलगी, पहिलाच परदेश, आणि करार पुढे वाढेल की नाही याची काळजी. वॉर्डातल्या एका नर्सनं सांगितलं की शहराच्या उत्तरेला समुद्राकाठी एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांची उन्हाळी कॅम्पसाइट आहे, लोक तिथे तंबू ठोकून सुट्टी घालवतात, हिवाळ्यात सगळं बंद असतं, आणि त्यांच्या बंगलीत एक खोली रिकामी आहे. मी गेले, खोली पाहिली, खिडकीतून राखाडी समुद्र पाहिला, आणि तिथेच राहिले. दुसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडून त्यांना 'आजोबा' अशी हाक गेली. अर्थ विचारून घेतल्यावर ते इतके खूश झाले की शेजारपाजारी फोनवर "धिस इज आजोबा" असं सांगू लागले.

आजोबा तीस वर्षं डब्लिनच्या रस्त्यावर बस चालवत होते, आणि निवृत्त झाले तरी बस त्यांच्यातून उतरली नव्हती. बोलायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे बघून घेत. कॅम्पसाइटच्या पायवाटेवर वळताना हात दाखवत. माझ्यासोबत चालत असले तर, "डॉक्टर, तू आतल्या बाजूनं," म्हणत. डेपोतून येताना त्यांनी कोऱ्या ट्रिपशीटांचा एक गठ्ठाच उचलून आणला होता. वेळ, थांबा, चढले, उतरले, शेरा असे छापील रकाने. त्यात ते प्राण्यांची नोंद करत. हिवाळा सरल्यावर कॅम्पसाइटवर जो जो जीव पहिल्यांदा दिसेल तो त्यांचा प्रवासी.

मला ती पानं वाचायला फार आवडायची. "सकाळी ६.५०. पूर्व कुंपण. चढले: ससा १. शेरा: घाईत." "गॅस सिलिंडरचा पिंजरा. चढले: स्टोट १, पांढरी छाती. शेरा: तिकीट न काढता उंदीर घेऊन पसार." स्टोट म्हणजे मुंगसासारखा एक छोटा शिकारी. समुद्रातल्या सीलसाठी "उभ्यानं प्रवास" असा शेरा होता, कारण त्याचं फक्त डोकं पाण्याबाहेर दिसायचं. हिवाळाभर खाडीत राहिलेले काळपट कलहंस उत्तरेकडे उडून गेले, तेव्हा मी विचारलं, "आजोबा, हे चढले म्हणायचे की उतरले?" ते गंभीरपणे म्हणाले, "कॅम्पसाइट ही गाडी आहे. आला तो चढला, गेला तो उतरला. एवढं साधं आहे." मग शेऱ्यात लिहिलं, "सर्व सामान घेतल्याची खात्री केली."

इतर कॅम्पसाइट्स ईस्टरला उघडतात. आमची उघडायची ती धुण्याच्या खोलीत भिंगरी आली की. आफ्रिकेतून येणारा तो पक्षी दरवर्षी त्याच खोलीच्या त्याच वाशावर घरटं करतो, आणि तो आल्याशिवाय गेटाचं कुलूप निघत नसे. लोक फोन करून तारीख विचारत, आणि आजोबा त्यांना सांगत, "भिंगरी आली की कळवतो." आणि खरोखरच कळवत, एकेकाला, यादी समोर ठेवून. मी एकदा सुचवलं की एक ठरलेली तारीख असली तर गिऱ्हाइकांना बरं पडेल. ते म्हणाले, "तारखेला आलेली गाडी मी आयुष्यात पाहिली नाही, डॉक्टर."

त्यांच्या तोंडी सगळ्याला एकच शब्द होता, 'ग्रँड'. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, गुडघेदुखी ग्रँड. बसला आग लागली असती तरी त्यांनी प्रवाशांना "सगळं ग्रँड आहे, फक्त जरा खाली उतरून घ्या," असंच सांगितलं असतं. मी मुळातच काळजीखोर. रात्रपाळीहून परत येताना कुठल्या पेशंटचं काय राहिलं याची उजळणी करत यायची. दारात आजोबा दिसले आणि ते "ग्रँड?" म्हणाले की मला रडू यायचं. ते माझं बोलणं ऐकून घेत, उजव्या खांद्यावरून मागे बघत आणि म्हणत, "बरं. आता पुढचा स्टॉप."

त्यांच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. कॅम्पसाइट मुळात तिची. तिच्या मागे राहिल्या त्या दोन शेळ्या. थोरली 'एक्सप्रेस', जी कुठूनही कुठे जायला अर्धा दिवस लावायची, आणि तिची लेक 'रिलीफ'. गर्दीच्या दिवशी मागून जी जादा गाडी सोडतात, तिला डेपोत रिलीफ म्हणत. एक्सप्रेसला आजोबांच्या बायकोनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तंबूंसाठीचं गवत या दोघीच कापत, म्हणजे खात, आणि आजोबा त्यांच्याशी बोलत त्यांच्यामागून फिरत. बायकोबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. एक्सप्रेसशी बोलत असावेत.

आमच्याकडे पहिली पोळी गाईची. इथे गाय कुठली, म्हणून मी ती एक्सप्रेसला द्यायला लागले. मामीनं निघताना बरणीभर साजूक तूप दिलं होतं, घरच्या म्हशीचं. सकाळी पोळ्या करायच्या, पहिलीला तूप लावून ताटलीत घालायची, आणि ताटली मागच्या दारच्या कट्ट्यावर ठेवून हॉस्पिटलला पळायचं. शेळ्या सोडताना आजोबा ती देत. संध्याकाळी ताटली धुतलेली असायची. परक्या मुलखात आपल्या हातून रोज एक तरी नीट गोष्ट होतेय, असं त्या ताटलीकडे पाहून वाटायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडात लाळ्या-खुरकूत आली. फूट अँड माउथ. टीव्हीवर रोज जनावरांच्या ढिगांना लावलेल्या आगी. आयर्लंडात गेटागेटांवर औषधात भिजवलेल्या गवताच्या चटया पडल्या. हॉस्पिटलच्या दारात चटई, चर्चच्या दारात चटई, दुकानाच्या दारात चटई. बूट बुडवल्याशिवाय कुठे शिरायचं नाही. सेंट पॅट्रिकच्या दिवसाची मिरवणूकसुद्धा पुढे ढकलली. आणि मार्च सरता सरता आमच्याच काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, उत्तर टोकाला रोग सापडला. तिथल्या हजारो मेंढ्या मारल्या.

आजोबांची ट्रिपशीटं तेव्हापासून बदलली. कोल्हा दिसला की आधी तो आनंदाचा प्रवासी असायचा. आता ते कुंपणाशी उभे राहून तो कोणत्या दिशेनं आला हे पाहत, आणि "कुठून चढला" हे तीनतीनदा खोडून लिहीत. कोल्ह्याच्या पायांना चिकटून रोग येतो म्हणे. हरणं, काटेरी हेजहॉग, उडणारे कावळेसुद्धा, सगळे संशयित. कुंपणापलीकडे एका बाईंचं शेत होतं, दोनशे मेंढ्या, त्यातल्या निम्म्या तेव्हा विणीच्या. नवऱ्याचा जुना कोट घालून त्या उंच बाई दिवसभर पिल्लं मोजत फिरत. पूर्वी कुंपणाशी थांबून त्या आजोबांशी तास तास गप्पा मारत. आता लांबूनच हात वर करत, आणि आजोबाही लांबूनच "ग्रँड!" असं ओरडत. कॅम्पसाइट यंदा उघडणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी आजोबांनी नळ जागे करायला घेतलेच.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते.

शनिवार होता, मला सुट्टी. आजोबा तिसऱ्या रांगेतल्या नळाशी गुडघ्यांवर बसलेले. शेळ्या नेहमीसारख्या कुंपणाकाठी, कारण तिथलं गवत लुसलुशीत. मी चहाचा कप घेऊन गेले, तर एक्सप्रेस लंगडत होती आणि तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मी सगळं लहानपण आजोळच्या गोठ्यात काढलं आहे. हे मी दहादा पाहिलेलं. दोन महिने त्या चटयांवरून चालूनही डोळ्यांसमोर मामाचा गोठा आला, आणि जीभ मोकळी सुटली.

"अहो आजोबा," मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हिला फूट अँड माउथ झालंय बघा! काही नाही होत, आमच्याकडे दरवर्षी होतं. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवायचं, खुरांना हळद-तेल लावायचं. पंधरा दिवसांत चरायला लागते."

कुंपणापलीकडे त्या बाई उभ्या होत्या. कडेवर ओलं पिल्लू. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला, आणि आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. आमच्याकडे जे दरवर्षी येऊन जातं, त्याच्या नुसत्या संशयावर इथे गोळ्या घालतात.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... मला तसं वाटलं. मी माणसांची डॉक्टर आहे," मी म्हणाले.

आजोबा उठले. नळातून अजून तांबडंच पाणी येत होतं, तो त्यांनी तसाच बंद केला. एक्सप्रेसपाशी जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. मग शेजारणीकडे न बघता म्हणाले, "मेंढ्या वरच्या शेतात ने. मी फोन करतो." आणि घरात जाऊन त्यांनी स्वतःच सरकारी पशुवैद्याला फोन लावला.

पशुवैद्य दीड तासात आला. पांढऱ्या झग्यातला तरुण, झोप न झालेले डोळे. एक्सप्रेसच्या हिरड्यांवर फोड होते, पुढच्या खुराच्या बेचक्यात जखम होती. तो म्हणाला, शेळ्या-मेंढ्यांत नुसतं बघून सांगता येत नाही. रक्त घेतलं. मग अंगणातल्या बाकावर बसून कागद भरायला लागला. घरात कोणी परदेशातल्या गोठ्यात गेलं होतं का?

मी डिसेंबरात आजोळी गेले होते. दिवाळीनंतर मामाच्या दोन म्हशींना हेच होऊन गेलं होतं. तिथे घातलेल्या चपला माझ्या खोलीत होत्या. मी सगळं सांगितलं.

"तिथून खायचं काही आणलं?"

"तूप," मी म्हणाले. "त्याच म्हशींचं. आणि ते लावून रोज एक पोळी मी... या शेळीला..." सबंध काऊंटी ज्याला घाबरून होती ते मी बरणीत घालून आणलं, आणि रोज सकाळी भक्तिभावानं शेळीला भरवलं, असं मला वाटत होतं. करार गेला, नोकरी गेली, ते सगळं मला त्या क्षणी क्षुल्लक वाटलं. शेजारणीच्या कडेवरचं ते पिल्लू तेवढं डोळ्यांपुढून हलेना.

पशुवैद्याचं पेन थांबलं. आजोबांचे कान लालबुंद झाले होते.

"ते लिहू नका," ते म्हणाले. "शेळीला पोळी मिळालेली नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी दिली होती. तिनं तोंड फिरवलं. टाकून कशी द्यायची, म्हणून मी खाल्ली." ते बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. "मग रोजच खाल्ली."

"रोज?" पशुवैद्यानं विचारलं.

"रविवारी ती दोन ठेवते."

पशुवैद्य आधी हसला. मग मी हसले, रडत रडतच. तूप कढवलेलं असतं, त्यात काही उरत नाही, असंही त्यानं सांगितलं. चार वर्षं त्या घरात आजोबांना सकाळी कोणी गरम काही करून घातलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला तो कागद भरावा लागला. माझ्याकडे मागायचा त्यांना संकोच वाटला होता.

पण हसणं तेवढंच. पशुवैद्यानं टोपण लावलं आणि पुढचं सांगितलं. रक्त इंग्लंडातल्या प्रयोगशाळेत जाणार, उत्तराला चार दिवस. तोवर शेळ्या कोंडून ठेवता येतील. नाहीतर, मालकाची संमती असली तर, संशयावरच आज दोन्ही...

"रिलीफही?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"आणि थांबलो तर?"

"तर कदाचित काही निघणारही नाही. पण असलं, तर चार दिवसांत वाऱ्यानंसुद्धा पलीकडे जाईल."

आजोबांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. शेजारीण कुत्र्याला घेऊन मेंढ्या वर हाकत होत्या. "आजच करा," ते म्हणाले.

"आजोबा, चारच दिवस!" मी त्यांचा हात धरला. "गोठ्यात कोंडू. मला ती जखम काट्याची वाटतेय. गॉर्सची काटेरी झुडपं आहेत तिकडे. मी मघाशी उगाच बोलले हो, मला काही कळत नाही यातलं!"

त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "डॉक्टर, आत जाऊन चहा ठेव. चौघांचा ठेव."

चौथा कप बंदूक घेऊन येणाऱ्या माणसाचा असणार, हे मी विचारलं नाही. मी किटली लावली आणि तिच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिले. बऱ्याच वेळानं ते आत आले. त्याआधी दाराशी, चटईवर, उगाचच खूप वेळ उभे होते.

पुढचे चार दिवस मी हॉस्पिटलात कशी काम करत होते, मला आठवत नाही. उत्तर 'हो' आलं असतं तर शेजारणीच्या दोनशे मेंढ्या गेल्या असत्या, आणि आजूबाजूच्या गोठ्यांतलीही जनावरं. त्या रोज संध्याकाळी फोन करत, आजोबा "अजून नाही" म्हणत, आणि दोन्हीकडून फोन ठेवला जाई. आजोबांनी उरलेले नळ जागे केले, पण "गुड मॉर्निंग" म्हणाले नाहीत. बाहेर परीट पक्षी चोचीत गवताच्या काड्या घेऊन मीटरच्या पेटीत ये-जा करत होता. त्यांना दिसत होता. ट्रिपशीट कोरंच राहिलं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. रोग नव्हता. एक्सप्रेसचं शव तपासलं, तर हिरड्यांत आणि खुरात गॉर्सचे काटे मोडलेले निघाले, त्याचा पू झालेला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि म्हणाले, "मी मारलं त्यांना. माझं तोंड बंद असतं तर आज दोघी चरत असत्या. तुमच्या बायकोची शेळी होती हो ती."

आजोबा टोपी काढून माझ्यासमोर खुर्चीवर बसले. या वेळी त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं नाही.

"मी तिला गुरुवारीच लंगडताना पाहिलं होतं," ते म्हणाले. "लाळही पाहिली."

"गुरुवारी?"

"तुझ्या आधी दोन दिवस. लिहिलं नाही. फोन केला नाही. तिला गोठ्यातसुद्धा कोंडलं नाही, कारण कोंडली असती तर शेजारणीनं कारण विचारलं असतं. दोन दिवस ती कुंपणाशी, त्या मेंढ्यांच्या नाकाला नाक लावून चरत होती, आणि मी नळ उघडत बसलो होतो." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "ब्रेक लागत नाहीत हे ठाऊक असून मी भरलेली गाडी रस्त्यावर काढली, डॉक्टर. तू बोललीस म्हणून मला फोन करता आला. मग आणखी चार दिवस कोणत्या तोंडानं मागायचे?"

मला त्यांचा राग आला नाही. इतकी माया मला त्यांच्याबद्दल तोवर कधीच वाटली नव्हती. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले.

थोड्या वेळानं ते उठले. "चल माझ्याबरोबर. हे तिला सांगायला हवं. एकट्याला जमणार नाही."

आम्ही रस्त्यानं शेजारणीच्या गेटापर्यंत गेलो. त्या बाहेर आल्या, आणि आजोबा गेटाच्या अलीकडे उभं राहून, टोपी हातात धरून, सगळं बोलले. गुरुवारपासूनचं. एकही शब्द गाळला नाही. 'ग्रँड' म्हणाले नाहीत.

शेजारणीनं गेटाच्या आडव्या लोखंडी नळीवर दोन्ही हात ठेवले. मला भीती वाटत होती की आता या माणसाला इथे कोणी तोंड दाखवू देणार नाही.

"मी शुक्रवारी पाहिली," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी. चांगली लंगडत होती. मी घरात गेले आणि पडदे ओढून घेतले."

मग त्यांनी गेटाची कडी काढली, आणि आम्ही तिघंही चटईवर बूट बुडवून चहाला आत गेलो.